टाकीमागची फेरी

माने बाईंनी फोनवर कधी 'हॅलो' म्हटलं नाही. "हायस का गं?" एवढंच विचारायच्या, आणि "हाय, बाई" हे ऐकल्याशिवाय पुढे एक अक्षर बोलायच्या नाहीत. फोन उचललाय म्हणजे माणूस आहेच, हे त्यांना शेवटपर्यंत पटवता आलं नाही. या सवयीचं मूळ आमच्या हातकणंगल्याच्या शाळेच्या मैदानावर होतं.

बाई सातवीला भूगोल शिकवायच्या. पावसानं उघडीप दिली की दर शनिवारी, कबड्डीच्या रेघा मारायची फक्की घेऊन मैदानावर ग्रहांच्या वाटा आखायच्या आणि मधोमध स्वतः सूर्य होऊन उभ्या राहायच्या. नऊ मुलींनी फिरायचं, बाकीच्यांनी पायरीवर बसून बघायचं. मी शाळेत नवीन होते. आई गेल्यावर मामांकडे राहायला आलेली, कुणाशी न बोलणारी. बाईंनी मला प्लूटो केलं. माझी वाट सगळ्यात बाहेरची, पाण्याच्या टाकीमागून जाणारी. मी दिसेनाशी झाले की बाई ओरडायच्या, "हायस का गं?" मी टाकीमागून ओरडायची, "हाय, बाई!" आई गेल्यापासून माझी एवढी मोठ्यानं चौकशी कुणी केली नव्हती. मी शनिवारची वाट बघू लागले.

आणि नेमकं त्याच वर्षी पेपरात आलं, की शास्त्रज्ञांनी मतदान घेऊन प्लूटोला ग्रहांतून काढलं. शनिवारी मैदानावर जाताना एक मुलगी म्हणाली, "तू आता पायरीवर बस." मी तशीच बाईंकडे गेले.

बाईंनी मला खोटा धीर दिला नाही. "नियम तीन हायत," त्या म्हणाल्या. "सूर्याभोवती फिराय पायजे. अंगानं गोल पायजे. आणि आपल्या वाटेवरचं बाकीचं सगळं आवरून टाकलेलं पायजे. पहिल्या दोन्हीत ह्यो पास हाय, तिसऱ्यात गेला. त्येच्या वाटेला त्येच्यासारखी लई निघाल्यात."

"मग मी बसू?" मला रडू फुटलं होतं.

"बसतीस कशाला? त्यो फिरायचा थांबलाय का? आता बटुग्रह म्हणायचं त्येला. वाट हाय तीच हाय की!" मग पायरीकडे वळून गरजल्या, "आणि तुम्ही काय बघत बसलाय गं? उठा! त्येच्यासारखी बाकीची कोण व्हायची?"

सगळ्या मुली धावत माझ्या वाटेवर आल्या. टाकीमागे मला पहिल्यांदा सोबत मिळाली. मला पायरीवर बस म्हणणारीच पुढे माझी जिवलग मैत्रीण झाली.

नोकरीसाठी मी बंगळूरला गेले आणि तिथलीच झाले. बाईंचा फोन मात्र चुकला नाही. गेल्या वर्षी म्हणाल्या, "लई लांबली गं तुझी फेरी. येऊन जा की एकदा."

"दिवाळीत येते, बाई," मी म्हणाले. दिवाळीत रजा मिळाली नाही. खरं म्हणजे मी नेटानं मागितलीच नाही. पोचले ती बाईंच्या तेराव्याला. हे मला आजही सोसत नाही.

परतताना शाळेत गेले. मैदानात आता सिमेंटच्या विटा बसवल्यात, टाकी तेवढी तीच आहे. बाहेरच्या वाटेनं चालत निघाले. मधल्या जागेकडे बघवत नव्हतं. टाकीमागे गेल्यावर थांबले, कान देऊन बराच वेळ उभी राहिले.

कुणी विचारलं नाही. तरी मी म्हणाले, "हाय, बाई."