पाण्याच्या पिकअपला तीन पाटे जास्त

रंगनाथला कामावरून काढून आठ दिवस झाले होते, आणि बॅरल अजून वीतभर कमीच येत होती.

काठी मी स्वतः घातली. सहाच्या सहा बॅरलांत घातली. दुसऱ्या कुणाच्या मोजण्यावर माझा विश्वास नव्हता.

"आता वो लीडर?" गयाबाई म्हणाली. "चोर तर तुमी घालिवला. मंग पानी कोन पितंय?"

गयाबाई खडी फोडणाऱ्या बायकांच्या टोळीची मुकादम. पाथर्डीच्या रस्त्यावर दुष्काळी काम चालू होतं. दोनेकशे माणसं उन्हात दगड फोडत होती आणि त्यांना प्यायला भिंगारजवळच्या एका विहिरीवरून अकरा मैल पाणी यायचं, एका कंत्राटदाराच्या पिकअपमधून. एका खेपेला सहा बॅरल, दिवसाला दोन खेपा. प्रत्येक बॅरल वीतभर कमी म्हणजे सहातली दीड बॅरल वाटेत गायब. रांगेतल्या शेवटच्या बायका रिकामा तांब्या घेऊन पुन्हा दगडाशी जाऊन बसायच्या. हे मी माझ्या डोळ्यांनी बघत होतो.

"नवा ड्रायव्हरही तसलाच निघाला," मी म्हणालो.

"व्हय? म्हंजी त्याचा बी कागद काढनार?"

खरं सांगतो, मजकूर माझ्या डोक्यात तयार होता.

मी भिंगारच्या एका गॅरेजात फिटर आहे. आयटीआय केलेला. रविवारी आणि कामावरून सुटल्यावर आमच्या युवक मंडळाची पत्रकं मी लिहितो. रेशनवरची मिलो ज्वारी कुठे जाते, हजेरीपटावर मेलेली माणसं कशी चढतात, असले विषय. पत्रक कसं लिहायचं ते मला चांगलं येतं. नाव ठळक टाइपात, आरोप पहिल्या ओळीत, प्रश्न शेवटच्या ओळीत. रंगनाथवरचं पत्रक मी तसंच लिहिलं होतं. 'तहानलेल्यांच्या तोंडचे पाणी चोरणारा ड्रायव्हर रंगनाथ!' बाजारात, एसटी स्टँडवर आणि भिंगारच्या चहाच्या हॉटेलच्या भिंतीवर ते लागलं.

संशयाला कारण होतं. या रस्त्यावर सात मैलांवर एक मोसंबीची बाग लागते. आसपासची सगळी रानं करपलेली, आणि ही बाग हिरवीगार. रंगनाथची गाडी रोज बरोबर त्या बागेपाशी पाच-दहा मिनिटं उभी राहायची. पाहणारी माणसं होती. मी रंगनाथला गाठून विचारलं, तर तो म्हणाला, "पानी सांडतंय रे बाबा." त्यावर मी म्हणालो, "सगळे चोर हेच सांगतात." बॅरलच्या तोंडाला तर गोणपाट बांधलेलं असायचं. वीतभर पाणी गोणपाटातून सांडतं, हे मला कुणी सांगून पटणार नव्हतं.

पत्रक लागलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी कंत्राटदारानं रंगनाथला काढला आणि आपल्या भाच्याला, सुभाषला, गाडीवर बसवला. आमच्या मंडळात आम्ही एकमेकांना शाबासकी दिली.

आणि आता हे. पाणी तेवढंच कमी.

मी ठरवलं, सुभाषला रंगेहाथ पकडायचा. गॅरेजच्या मिस्त्रींकडून एक दिवसाची सुट्टी घेतली आणि सकाळच्या खेपेला त्याच्या शेजारी केबिनमध्ये जाऊन बसलो. तो वैतागला.

"मामांनी सांगितलंय का तुला बसायला?"

"जनतेनं सांगितलंय."

"जनतेला म्हणावं, मागं बस. हितं माझा डबा हाय."

मी हललो नाही. सुभाष कुठेही थांबला नाही. बागेपाशी तर त्यानं वेगही कमी केला नाही. फक्त सारखा कुरकुरत होता, "गाडी हाय का घोडी ही? नुसती उधळतीय." कामावर पोचलो. काठी घातली. वीतभर कमी.

मग माझी खात्री झाली की भानगड विहिरीवरच आहे. बॅरल मुळात पूर्ण भरतच नसणार. म्हणून दुसऱ्या खेपेला विहिरीवर मी उभा राहिलो. प्रत्येक बॅरल काठोकाठ भरून घेतलं, गोणपाट माझ्या हातानं आवळलं. उरला एकच संशय, एखाद्या बॅरलला खाली भोक पाडून गुपचूप बूच बसवलं असेल तर? ते बघायला मी मागे हौद्यात चढलो आणि दोन बॅरलांच्या मध्ये पाय रोवून उभा राहिलो.

डांबरी रस्ता होता तोवर ठीक. चौथ्या मैलाला कच्ची खडी सुरू झाली आणि पहिल्याच दणक्याला पाणी गोणपाटातून उसळून माझ्या तोंडावर आलं. पुढचा दणका, पुन्हा पाणी. सहाही बॅरल एकदम उडत होती आणि एकदम आपटत होती. गोणपाट ओलं झालं की चाळणीसारखं पाणी सोडतं, हे मला त्या दिवशी कळलं. हौद्याच्या फटीतून पाणी रस्त्यावर जात होतं आणि त्या तापलेल्या फुफाट्यात मागे वळून बघेपर्यंत त्याचा डागही उरत नव्हता.

कामावर उतरलो तेव्हा अंगातल्या शर्टपासून चपलेपर्यंत मी निथळत होतो. खडी फोडायची थांबवून बायका बघायला लागल्या.

"आज अंगूळ झाली म्हना लीडरची!" गयाबाई म्हणाली. "आमी पंधरा दिस झालं न्हाई केली."

मी तसाच गाडीखाली शिरलो. कारण तोवर मला एक गोष्ट आठवली होती, आणि ती आठवायला नको होती.

ही गाडी महिन्यापूर्वी माझ्याच हाताखालून गेली होती.

पिकअपच्या मागच्या चाकांवर लोखंडी पट्ट्यांची चवड असते, धनुष्यासारखी वाकलेली. त्या एकेका पट्टीला आम्ही पाटा म्हणतो. ओझं आलं की पाटे दबतात आणि रस्त्याचा दणका गिळतात. दबलेला पाटा पुन्हा उसळतो. ती उसळी जिरवायचं काम शॉकअप करतो, तेल भरलेली एक नळकांडी असते ती. राहिला टायर. त्याच्या अंगात कापडाचे थर असतात, त्यांना प्लाय म्हणतात. प्लाय जास्त तितका टायर कडक.

कंत्राटदार गाडी घेऊन आला तेव्हा ती चार बॅरल न्यायची. तो म्हणाला, "सहा न्यायचीत. पाटे वाढवा. टायर मी आणलेत." टायर मिलिटरीच्या लिलावातले होते, दहा प्लायचे, दगडासारखे, जाड नक्षीचे, त्यांच्या लोखंडी डिस्कसकट. आमचे शमुवेल मिस्त्री त्या आठवड्यात बेलापूरला मुलीकडे गेले होते. ठरवायचं मला होतं.

सहा बॅरलला एक पाटा वाढवला असता तर पुरलं असतं. मी तीन वाढवले. का? कारण मी मनाशी म्हणालो, हा कंत्राटदार आहे. सहा म्हणतोय म्हणजे आठ भरणार. आठ भरून पाटा तुटला, गाडी उलटली, तर मरणार हौद्यावर बसलेला मजूर. मी त्याच्या खोटेपणाचा हिशेब आधीच धरला. टायरमध्ये हवाही त्याच हिशेबानं ठासून साठ पौंड भरली. शॉकअप तेल गळत होते. ते मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "पुढच्या खेपेला बघू." मीही सोडून दिलं, कारण माझं सगळं लक्ष पाट्यांवर होतं.

आता गाडीखाली आडवा पडून मी वर बघत होतो. सहा बॅरलांचं ओझं अजून वरच होतं आणि पाटे रिकाम्या गाडीसारखे ताठ होते. दबलेच नव्हते. एवढ्या ओझ्यातही ते दबत नसतील तर दणका जाणार कुठे? वर. बॅरलमध्ये.

हौद्यात आठ बॅरल मावतच नाहीत, हे मी तेव्हाच मोजू शकलो असतो. कंत्राटदार सहा म्हणाला होता आणि त्यानं रोज सहाच भरली. त्या माणसाबद्दल लिहिण्यासारखं माझ्याकडे पुष्कळ आहे, हजेरीपटापासून. पण या एका बाबतीत तो खरं बोलला होता, आणि हे वाक्य लिहिताना मला अजूनही राग येतो.

संध्याकाळी गाडी गॅरेजात आणून मिस्त्रींना दाखवली. ते उकिडवे बसले, चवडीवर बोट फिरवलं.

"किती बॅरलचं धरलंस?"

"आठ."

"भरतात किती?"

"सहा."

"मग वरची दोन कुणाची?"

"मला वाटलं ते भरतील."

"वाटलं." मिस्त्री उठले. "मिलिटरीच्या वर्कशॉपात वीस वर्षं काढली मी. वजन सांगणाऱ्याचं तोंड बघून पाटा घालणारा फिटर आज पहिल्यांदा बघितला. काढ दोन."

दोन पाटे काढले. मागचे दहा प्लायचे टायर उतरवून आठ प्लायचे चढवले, हवा चाळीसवर आणली. शॉकअप नवे घातले, आणि त्याबद्दल कंत्राटदाराशी मिस्त्री काय बोलले ते छापण्यासारखं नाही. मग सहाही बॅरल भरून गाडी अंगणात उभी केली आणि पाटा ओझ्याखाली सपाट होतो का, ते पाहिलं. झाला. हे मी महिन्यापूर्वी करायला हवं होतं. अर्ध्या तासाचं काम.

दुसऱ्या दिवशी गयाबाईनं अजून एक शिकवलं. "डोक्यावर हंडा आनताना आमी वरती डहाळी टाकतो. पानी हिंदकळत न्हाई. तुमच्या शाळंत न्हाई का सांगत?" नाही सांगत. मी प्रत्येक बॅरलमध्ये आंब्याचा एकेक डहाळा टाकला. त्या खेपेला बॅरल चार बोटं कमी आली. चार बोटं, बस्स. शेवटच्या बाईपर्यंत पाणी पोचलं.

आता रंगनाथ.

त्याचं घर भिंगारातच. तो ओट्यावर स्टोव्ह उघडून बसला होता. मला बघून त्याची बायको आतून बाहेर आली.

"आला का परत? आता काय छापायचंय? पोरांची नावं घ्या लिहून."

"अण्णा, चूक माझी आहे," मी म्हणालो आणि सगळं सांगितलं.

त्यानं ऐकून घेतलं. पिन स्टोव्हच्या तोंडात फिरवत राहिला.

"यू-बोल्ट ढिलं व्हायचं," तो म्हणाला. यू-बोल्ट म्हणजे पाट्यांची चवड आवळून धरणारे बोल्ट. "एवढी जाड चवड भरलीस तू, ती दणक्यानं सैल पडायची. बागंपाशी सावली हाय. तितं गाडी लावून पाना मारायचो. त्या नव्या पोरानं मारला का पाना? न्हाई मारला, तर एक दिस चाक निसटंल."

"मी नवं पत्रक काढतो. रंगनाथ चोर नाही, असं—"

"तसं नको लिहू. लोक चोर एवढंच वाचत्यात. माजं नाव आन् चोर, परत एका वळीत."

"मग काय लिहू?"

"तुजं नाव लिही. तेवढ्याच मोठ्या अक्षरात. गाडी कुनी बिघडिवली ते लिही."

कंत्राटदाराकडे गेलो. त्याला मनापासून आनंद झाला. "तुझ्याच कागदावरून काढला होता, लीडर. तुझ्याच कागदावरून परत घेतो. पण आधी भिंतीवर लागू दे." आमच्या मंडळात वाद झाला. दोघं म्हणाले, आपलीच चूक आपण छापली तर उद्या आपलं कोण ऐकेल? मी म्हणालो, तुमचं नाव नाही जायचं, माझं जाईल. मिस्त्रींना विचारलं. ते म्हणाले, "गॅरेजचंही घाल. पत्ता नीट लिही."

पत्रक निघालं. 'दुष्काळी कामावरचे पाणी सांडण्यास जबाबदार' आणि खाली माझं नाव, ठळक टाइपात. बाजारात, स्टँडवर आणि हॉटेलच्या भिंतीवर, जिथे जिथे पहिलं लागलं होतं, तिथे तिथे. हॉटेलात रंगनाथनं ते एका मास्तरांकडून दोनदा वाचून घेतलं आणि निघून गेला. तिसऱ्या दिवशी तो गाडीवर होता.

मात्र सगळं पूर्वीसारखं झालं असं मी लिहिणार नाही. पहिलं पत्रक लोक एकमेकांना वाचून दाखवत होते. दुसऱ्यापुढे फारसं कुणी थांबलं नाही. बाजारात अजून एखादा रंगनाथला 'काय मोसंबीवाले?' म्हणतो, आणि त्याला उत्तर देणारं पत्रक मला लिहिता येत नाही.

रंगनाथ माझ्याशी बोलत नाही. गाडी मात्र माझ्याकडेच आणतो. मी खाली शिरलो की तोही गुडघे टेकून वाकतो आणि मी हाताळलेला प्रत्येक पाटा बोटानं मोजतो. मोजू दे.

तुमच्या गाडीचे पाटे किंवा टायर बदलायचे असतील तर गाडी नेहमीच्या ओझ्यानिशी गॅरेजात आणा आणि ओझं वर असतानाच पाटे तपासून घ्या. शॉकअप गळत असेल तर आधी तो बदला. आणि फिटरचा तुमच्यावर राग नाही ना, तेवढं विचारून घ्या.