सर, उत्तर किती यायला पाहिजे?

बोईसरच्या एमआयडीसीत, औषधांचा कच्चा माल बनवणाऱ्या कारखान्यात मी लॅब सांभाळतो. दरवर्षी कॉलेजातून नवे ट्रेनी येतात आणि माझ्याकडच्या किश्शांत भर घालतात. सांगायला बसलो तर डब्याची सुट्टी पुरत नाही! यंदा दोघं आले. वाणगावचा रोहित आणि किनाऱ्यावरच्या मच्छीमार घरातली सानिका.

*

रोहितला पहिला नमुना तपासायला दिला. ब्युरेट धरून विचारतो, "सर, उत्तर किती यायला पाहिजे?"

कॉलेजात शेजारच्या टेबलावरून उत्तर आधी यायचं, प्रयोग मागून! मी म्हटलं, "बाबा, ते माहीत असतं तर कंपनीने तुला कशाला घेतलं असतं?"

*

सानिका पाणी प्यायला जायचं तरी हात वर करायची. मी बघेपर्यंत हात वरच! चौथ्या दिवशी आमचा ऑपरेटर रामसजीवन वैतागला, "मॅडम, हाथ नीचे करो. प्यास लगी है तो पी लो!"

*

आगीच्या ड्रिलचा सायरन वाजला. सगळे मैदानाकडे पळाले. रोहित सावकाश बॅग भरून आला. "सर, सुटलं का?"

*

याच रोहितने रजेचा अर्ज दिला. खाली स्वतःची सही आणि तिच्याखाली वडिलांची! मॅनेजरसाहेबांनी चष्मा लावून वाचला.

"वडील आपल्याकडे कुठल्या डिपार्टमेंटला?"

*

सानिकाचे ट्रेनिंगचे सहा महिने भरत आले. कायम झाली नाहीस तर नोकरी बास, घरी बस, असं वडिलांनी बजावलेलं. आणि नेमकी त्याच आठवड्यात एका दुपारी ती माझ्यासमोर उभी, पांढरीफटक.

"सर, सकाळच्या बॅचच्या हिशोबात मी दुसऱ्याच नमुन्याचं वजन धरलं. पास केलेली बॅच नापास हाय."

तिच्या सहीखाली तपासल्याची सही माझी! खोटं कशाला बोलू, क्षणभर वाटलं, गप्प बसावं. पण सानिकाबाईंनी वहीत चुकीच्या आकड्यावर एक रेघ मारून, बाजूला सही-तारीख टाकून खरा आकडा लिहिलासुद्धा होता. आमच्याकडे नियमच आहे, चूक झाकायची नाही, ती वाचता आली पाहिजे. मी गेटवर फोन लावला. वॉचमनचा चहा संपायचा होता म्हणून त्या बॅचचा ट्रक अजून आतच होता. हुश्श! माझ्या जीवात जीव आला.

साहेबांनी आम्हा दोघांना बोलावलं. तिला कायम करायचा फॉर्म टेबलावरच होता.

"गप्प राहिली असतीस तर कोणाला कळलं असतं?"

"नाय कळलं असतं, सर. पण गोळी कोणीतरी खाल्ली असती ना."

साहेबांनी पेन काढलं, फॉर्मवर सही केली. तारीख टाकताना मात्र महिना चुकला, आणि ते त्याच आकड्यावर दुसरा आकडा गिरवायला लागले.

"सर, गिरवू नका," सानिका म्हणाली. "एक रेघ मारा. आणि बाजूला सही करा."