तिला म्हणता येईल ती भाषा

निवृत्त झालो तेव्हा मुलीने बंगळुरूहून तिचा जुना लॅपटॉप पाठवला. फोनवर म्हणाली, "बाबा, प्रोग्रॅमिंग शिका. पायथनपासून सुरुवात करा, सोपं आहे." सोपं आहे म्हटलं की माझं डोकं फिरतं. सगळी नोकरी कर्जतला घाटाच्या इंजिनावर काढलेली. गाडीला मागून जोडायचं आणि ढकलत ढकलत लोणावळ्याला पोचवायचं. मला सोपं कशाला हवं? स्टेशनजवळच्या क्लासच्या बाई म्हणाल्या, "काका, आधी सी भाषा करा, अवघड आहे, पण पाया पक्का होतो." मी त्याच दिवशी नाव घातलं.

घरात तेव्हा सगळं गप्प होतं. दोन महिन्यांपूर्वी बायकोला अर्धांगवायूचा झटका आला होता. उजवा हात हळूहळू परतत होता, बोलणं मात्र अडकलं होतं. डॉक्टर म्हणाले होते, रोज बोलतं ठेवा, नाहीतर आहे तेही जाईल. मी ते भलतंच मनावर घेतलं. तिला पाणी हवं असायचं आणि तोंडातून पायरी निघायचं. मी लगेच, "पायरी नाही, पाणी. म्हण पाणी." जेवताना, चहाला, पाहुण्यांच्या देखतसुद्धा. शेवटी तिने तोंडच मिटलं. आमच्या पळसदरीच्या विहिरीवर अख्खी आळी बोलण्यात हरवणारी ही बाई मानेने हो-नाही करू लागली. हे माझ्यामुळे झालं, हे मला कळत होतं आणि आवरता येत नव्हतं.

इंजिनात आमची एक रीत असते. सिग्नल दिसला की एकाने तो मोठ्याने सांगायचा, दुसऱ्याने तेच परत म्हणायचं. घाटात ठाकुरवाडीच्या धुक्यात त्या दोन आवाजांवरच भरवसा. त्या सवयीने मी लॅपटॉपवर टाइप करतानाही प्रत्येक ओळ मोठ्याने म्हणायचो.

एका सकाळी ती शेजारी बसून डाव्या हाताने वाल सोलत होती. मी सीची ओळ म्हणालो, "इंट वय." शेजारून हळूच आलं, "इंट... वय." मी वळून पाहिलं नाही. इतके दिवस नको तिथे बोललो होतो, निदान तेव्हा गप्प बसायची अक्कल आली. पुढची ओळ म्हटली, "प्रिंटफ, कंस, अवतरण, टक्का, डी, अवतरण, स्वल्पविराम, वय, कंस पूर्ण, अर्धविराम." तिने "प्रिंटफ, कंस" म्हटलं, पुढे ओठ नुसतेच हलले, आणि तिने मान खाली घालून वालाची ताटली पुढे ओढली.

दुसऱ्या दिवशी क्लासला जाऊन सांगितलं, सी नको, पायथन शिकवा. बाई म्हणाल्या, "पाया कच्चा राहील, काका." म्हटलं, राहू दे.

पायथनच्या ओळी छोट्या होत्या, कंस मी मनातच ठेवायचो. मी म्हणायचो, "प्रिंट वय." ती म्हणायची, "प्रिंट... वय." ओळ चालली नाही की मशीन मलाच चूक दाखवायचं, लाल अक्षरांत. मी चुकलो की ती गालात हसायची. मग मी तिच्या चुका काढणं सोडून दिलं. तिने साठला आठ म्हटलं तरी पुढे जायचो.

एकदा मी म्हणालो, "इफ वय साठहून मोठं." यात शेवटी दोन टिंबं लागतात, एकाखाली एक, रोज मी तीही म्हणायचो. त्या दिवशी विसरलो. तिने ओळ परत म्हटली नाही. वाल सोलणं थांबलं. बराच वेळ तोंड जुळवत राहिली आणि म्हणाली, "दोन... टिंबं."

तोंड मिटल्यापासून ती पहिल्यांदाच आपणहून बोलली होती. मी टिंबं घातली, ओळ चालली, आणि आनंदात मी पोरकटपणा केला. दुसऱ्या दिवशी टिंबं पुन्हा गाळली. ती म्हणाली, "टिंबं." तिसऱ्या दिवशीही गाळली. या वेळी तिने ताटली बाजूला ठेवली, माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाली,

"आवो, तुमी मुद्दाम करताय. मी काय येडी नाय."

पुरी दोन वाक्यं, कुठेही न अडखळता. मी खाली मान घालून टिंबं घातली. मला रडू आलं, ते मात्र मुद्दाम नव्हतं.