बाबांच्या आवाजानंतरचं गाणं

बाबा परदेशी बोटीवर खलाशी होते. हर्णेत आमच्याकडे तेव्हा फोन नव्हता आणि आईला धड वाचता येत नव्हतं, म्हणून ते पत्राऐवजी कॅसेट पाठवत. बोटीवर कोरी कॅसेट कुठून मिळणार? कुठल्याशा बंदरात एक पाद्री खलाशांना गाण्यांच्या कॅसेटी फुकट वाटायचा. त्यातली एक बाबांनी घेतली, तिच्यावर पुन्हा आवाज भरता यावा म्हणून वरच्या दोन भोकांवर चिकटपट्टी लावली आणि गाण्यांवरच आपलं बोलणं भरून टाकलं.

कव्हरवर झिपऱ्या वाढवलेले चार गोरे तरुण होते. गिटार, ड्रम आणि मधूनमधून येशूचं नाव, एवढंच आम्हाला कळायचं. बाबा बारा-पंधरा मिनिटं बोलायचे. कौलं परतून घे, पोरांना एकट्यांना खाडीवर सोडू नको, स्वतःला जप. मग खट्ट व्हायचं आणि खालचं मूळ गाणं अर्ध्यातूनच उसळायचं. आजी माजघरातून ओरडायची, "बंद कर गो तो धिंगाणा!" एरवी आजीपुढे ब्र न काढणारी आई मात्र उलट आवाज वाढवायची आणि टेपरेकॉर्डरला चिकटून बसायची. आईला इंग्रजी गाण्यांचं भलतंच वेड, म्हणून आम्ही भावंडं तिला चिडवायचो.

बाबा गेले त्याला दोन वर्षं झाली. आई आता माझ्याकडे रत्नागिरीत असते. बाबांचा आवाज त्या एकाच कॅसेटवर उरलाय आणि तिला बुरशी धरायला लागली होती. मी ती जुने टेप दुरुस्त करणाऱ्या एका दुकानदाराकडे नेली आणि आवाज मोबाइलमध्ये घेतला. वर शहाणपणा केला. नुसते बाबा ठेवा, पुढची गाणी कापा, म्हणून सांगितलं. टेप त्याच दिवशी तुटली.

आईने ऐकलं, डोळे पुसले. बाबांचं बोलणं संपलं तरी ती फोन कानाला धरून तशीच थांबली.

"मेल्या, गाणं कुठं गेलं?"

"काढलं. त्यात काय ऐकायचंय?"

"ऐकायला कोणाला हवं होतं? ह्यांचं बोलून झालं की माझी पाळी. सासूच्या घरात नवऱ्याशी मनातलं बोलायचं कुठं? गाणं लागलं की मी बोलायचे. त्या आवाजात कोणाला ऐकू जायचं नाही."

मला माझीच लाज वाटली. दुपारभर मोबाइलवर तो अल्बम शोधला. कव्हर कधीच हरवलेलं, नाव ठाऊक नाही, त्या चौघांना जगात कुणी ओळखत असेल असं वाटेना. शेवटी दुकानदाराकडे धावलो. न कापलेलं सगळं त्याच्या कॉम्प्युटरवर तसंच पडून होतं. त्याच्या पाया पडायचंच काय ते बाकी राहिलं.

घरी येऊन आईला लावून दिलं. बाबा बोलले, खट्ट झालं, झिपरी पोरं ओरडायला लागली. आईने आवाज पूर्ण वाढवला. घरात आता आम्ही दोघंच असतो, आजीही नाही.

"तू जरा बाहेर जा बघू," ती म्हणाली.

मी गेलो आणि दार ओढून घेतलं.