पांढरी बंडी

गुडघाभर पाणी दिसलं तरी ज्याची छाती धडधडते, अशा माणसानं समुद्र मोजणारी जहाजं बांधावीत आणि त्यापायी सगळ्या सासुरवाडीनं त्याच्या आरत्या ओवाळाव्यात, याहून मोठा अन्याय मी तरी अख्ख्या आदिलाबाद जिल्ह्यात पाहिलेला नाही. हा माणूस म्हणजे माझा धाकटा साडू, मेहुणीचा नवरा. मूळचा बेल्याकडचा, कापसाच्या शेतात वाढलेला. बेल्यात उभं राहून कुठल्याही दिशेला बोट दाखवा, तिकडे कापूसच असतो. असा हा गृहस्थ कलकत्त्याच्या एका गोदीत वेल्डर झाला आणि माझ्या सुखाला नजर लागली.

तोवर सासुरवाडीत माझं राज्य होतं. मी आदिलाबादेत तहसिलीत कारकून, राहायला मावल्याला. सासुरवाडी मुधोळजवळची. गावात कुणाचा जमिनीचा पट्टा अडकला की सासरे मिशीवर ताव देऊन म्हणत, "आमच्या थोरल्या जवायाले सांगतो ना!" धोंड्याच्या महिन्यात जावयांना वाण देतात, तेव्हा पहिला पाट माझा आणि अनारशांचं पहिलं ताटही माझं. मग सरकारनं जिल्ह्याचे तुकडे केले. मुधोळ निर्मल जिल्ह्यात गेलं, मी जुन्यात उरलो, आणि माझी वट नव्या सरहद्दीवर अडकली. त्या दसऱ्याला सोनं द्यायला गेलो तर सासरे म्हणाले, "बापू, आता आमचं काम निर्मलले. तुमाले उगाच तरास काऊन द्याचा?" किती प्रेमानं म्हणाले! मी मात्र चहा अर्धाच ठेवून उठलो.

नेमकं त्यानंतर साडूच्या गोदीत नौदलाच्या या जहाजांचं काम निघालं. एकाच नमुन्याची चार जहाजं. ती लढाईची नव्हेत, समुद्राचा तळ मोजायची. जहाजाच्या पोटातून पाण्यात आवाज सोडायचा, तो तळावर आपटून परत आला की खोली काढायची आणि नकाशा करायचा. सासरे ओसरीवर आल्यागेल्याला हे सांगत. मला राहवेना. "मोठ्या तोफा नाहीत तर कसलं आलंय नौदलाचं जहाज?" मी खोचकपणे विचारलं. साडू शांतपणे भाकरी मोडत म्हणाला, "दादा, तोफावाल्या जहाजाले बी याच्याच नकाशानं जा लागते." सासऱ्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मुधोळ माझ्या हातून दुसऱ्यांदा गेलं.

गोदीतली प्रत्येक रीत तो सुट्टीत घरी आणी. जहाजाचे मोठाले भाग आधी उलटे ठेवून जोडतात, म्हणजे वेल्डरला मान वर करून ठिणग्या अंगावर घ्याव्या लागत नाहीत. मग क्रेननं ते सुलटे करतात. त्यामुळे घरात काहीही दुरुस्त करायचं तर हा आधी ते उलटं करी. खाट उलटी, पाटा उलटा, कोंबड्यांचं खुराडं तर कोंबड्या आत असतानाच उलटं. एकदा देव्हाऱ्याचा पाय हलत होता, तर त्यालाही हात घातला. "अवो, देव तं काढू द्या पहिले!" म्हणत सासूबाई धावल्या, आणि धावताना हसत होत्या. मी नुसती उशी उलटी केली असती तरी मला बोलणी बसली असती.

त्याचा कळस झाला धोंड्याच्या महिन्यात. सासऱ्यांना नवी बंडी, म्हणजे बैलगाडी, हवी होती. साडूनं अंगणात लोखंडी बंडी जोडायला घेतली, अर्थात उलटी. तळाच्या पहिल्या पट्टीखाली नाणं ठेवलं, कारण जहाजाखाली ठेवतात. मोजणीचं जहाज पांढरं आणि धुराडं पिवळं असतं, म्हणून बंडी पांढरी आणि जू पिवळं. जहाज पाण्यात सोडायचा मान बाईचा, म्हणून नारळ सासूबाईंनी फोडायचा. इथवर ठीक होतं. पण जहाज पाण्यात मागच्या बाजूनं उतरतं, म्हणून बैल न जुंपता त्यानं बंडी तळ्याच्या उतारावरून उलट्या तोंडानं सोडली! बंडी दिमाखात पाण्यात शिरली आणि आसापर्यंत गाळात रुतली. गावानं टाळ्या पिटल्या. आता ती काढणार कोण? जहाजबांधणीतले तज्ज्ञ लांब बाभळीखाली उभे. "दादा, पानी खोल हाय का, पाहा ना जरासं," तिथूनच आवाज आला. नवं धोतर मांड्यांवर खोचून मी गाळात उतरलो. टाळ्या त्याच्या, गाळ माझा.

जेवायला बसताना दोन पाट शेजारीशेजारी मांडले होते. सासूबाई अनारशांचं ताट घेऊन आल्या आणि मधेच थबकल्या. एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. एवढ्या वर्षांत त्या कधीच थबकल्या नव्हत्या. माझे कान तापले. आता पहिलं ताटही जाणार, या खात्रीनं मी मान खाली घातली.

"मामी, आधी दादाले," साडू सासूबाईंना म्हणाला. "आमच्याकडं पहिलं जहाज जे निंघते ना, त्याच्याच नावानं बाकीच्या साऱ्यायचा क्लास वळखते. मंग कितीबी बांधा. मी दादाच्याच क्लासचा."

ताट माझ्यापुढे आलं. पण माझाच मान त्यानं मला वाढला, म्हणून त्या रात्री मी आणखीच जळफळलो.

पुढे चौथं जहाजही गोदीतून गेलं. साडू दुसऱ्या कामावर लागला आणि परवाच्या धोंड्याला त्याला सुट्टी मिळाली नाही. मेहुणी एकटीच आली. अंगणात पांढऱ्या बंडीचा रंग उडाला होता. सवयीनं कुणीतरी पाट दोनच मांडले होते. सासूबाईंनी ताट आणलं ते सरळ माझ्यापुढे ठेवलं, जराही न थबकता.

"मामी, थांबा जरा."

"काऊन बापू?"

"त्याला फोन लावा आधी."

फोन लागला. मागे हातोड्यांचा दणदणाट चालला होता. त्यावर आवाज चढवून तो ओरडला, "दादा, वाढलं ना तुमाले पहिले?"

"वाढलं," मी म्हटलं, आणि शेजारच्या रिकाम्या पाटाकडे पाहत बराच वेळ अनारसा हातातच धरून बसलो.