सौर पॅनेलचं कव्हर

हसणार नसाल तर सांगतो. हसणारच म्हणा! पण असा मूर्खपणा एकट्याने किती वर्षं बाळगायचा?

गल्लीत एकच टीव्ही होता, तेव्हाची गोष्ट. शिरपूरला आमच्या गच्चीवर पुण्याच्या एका साहेबांनी सौर पॅनेल बसवलं. म्हणाले, "नाना, हे इथल्या हवेत टिकलं, तर सातपुड्यातल्या पाड्यांवर अशाच पॅनेलवरचे दिवे देणार." माझी थोरली अक्का तिथल्याच एका पाड्यावर कंदिलाच्या उजेडात शाळा चालवायची. मी तत्काळ गच्ची दिली.

पण पहिल्याच दिवशी मला शंका आली. पॅनेलला ना दिवा, ना बॅटरी! नुसतं उन्हात पडलेलं. साहेब अधूनमधून येणार, मीटर लावणार, 'हं' म्हणणार आणि जाणार. आता तुम्हीच सांगा, वैशाखात आपली महागाची वस्तू कोणी अशी उघडी टाकतं?

मी बायकोला म्हटलं, "ह्या साहेबाला दिवे द्यायचेच नाहीत. हे खराब व्हायची वाट बघतोय!"

"मग कव्हर शिवते की!"

आमच्या घरात रेडिओला कव्हर, शिलाई मशीनला कव्हर. पॅनेलने काय पाप केलं होतं? जाड खादीचं, नाड्या लावलेलं झकास कव्हर झालं. साहेब आले की मी त्यांना खाली चहात गुंतवायचो, ती वर जाऊन कव्हर काढायची. पाहुण्यांसमोर रेडिओचं काढतो, तसंच!

तिसऱ्या उन्हाळ्यात साहेब गच्चीवर थबकले. "धुळ्याला बसवलेलं पॅनेल पिवळं पडलंय, जळगावचं कमी वीज देतंय. तुमचं कोरं कसं?" मग माझ्याकडे रोखून बघत म्हणाले, "नाना, खरं सांगा. बदललंत?"

"मी काय चोर आहे?" मी तडकलो आणि पुरावा म्हणून कव्हर समोर टाकलं. विटून चिंध्या झालेलं.

साहेबांनी चिंध्या उचलून बघितल्या. "अहो, उन्हात ते किती पिवळं पडतं, किती वीज घटते, तेच तर मोजत होतो! तीन उन्हाळे तुम्ही कव्हर तपासलंत!"

"आणि दिवे?"

"नवं पॅनेल लावायचं. पुन्हा पहिल्यापासून."

त्याच आठवड्यात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, अक्का माहेरी आली. दारातच विचारलं, "भाऊ, दिवा कव्हय लागतीन रे?"

सगळं सांगावं लागलं. अक्काने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "नवा पॅनेलना बाजूले आते तूबी बस. उघडा! कितला टिकस, तेबी मोजाई जाई."