सुन्न करायची सुई

"मॅडम, थांबा! काढा ते. मले सहन नाही होऊन राहिलं."

मी हात थांबवला. रेखा सानगडीची, सत्तावीस वर्षांची, दोन मुलींची आई. आमच्या ग्रामीण रुग्णालयात तांबी बसवायला आली होती. तांबी म्हणजे कॉपर-टी. ती आत सरकवताना गर्भाशयाचं तोंड चिमट्यानं धरावं लागतं. तिथंच ती कळवळली. मी चिमटा सोडवला. ती उठून बसली.

"दोन मिनिटांचं काम आहे गं," मी म्हणाले. अठरा वर्षं हेच म्हणत आले होते.

"दात काढाले गेली त डॉक्टरनं सुन्न केलं. इथं काहून नाही करत?"

"दोन बाळंतपणं सोसली ना?" कुसुम सिस्टर म्हणाल्या. "मंग हे काय आहे?"

सुन्न करायचं लिग्नोकेन शेजारच्या लेबर रूममध्ये होतं. टाके घालताना रोज वापरायचो. तांबीसाठी कुठं टोचायचं तेही मी शिकले होते. पण बाहेर ओपीडी भरलेली होती.

"पुढच्या बुधवारी ये. इंजेक्शन देऊन करू."

तिनं नुसती मान हलवली. जाताना म्हणाली, "सतरा नंबरचा फॉर्म भराचा आहे, मॅडम. घरूनच बारावी करीन. अंगणवाडीत लागाचं आहे मले."

बुधवारी मी ट्रे तयार ठेवला. ती आली नाही. मग दर बुधवारी बाकावर तिचा चेहरा शोधायची सवयच लागली. तिच्या गावच्या आशाताईकडून निरोप धाडला. उत्तर आलं, रोवणा चालू आहे, म्हणजे धानाची लावणी.

धान कापणीच्या दिवसांत ती आली. सहावा महिना होता.

"त्या दिवशी गेली, मंग येवाची हिंमतच नाही झाली."

परीक्षा आणि बाळंतपण एकाच महिन्यात आले. परीक्षा राहिली.

दीड महिन्याचं बाळ घेऊन ती पुन्हा तांबीसाठी आली. या वेळी मी आधी खुर्ची ओढून बसले. "गोळी आहे, नंतरच्या कळांना बरी. लावायचं जेल आहे. नाहीतर इंजेक्शन. टोचताना दुखेल, मग बधिर होईल. काहीच नको असेल तरी चालेल. थांब म्हणालीस की थांबेन."

ती बराच वेळ विचार करत होती. मी घाई केली नाही.

"सुई द्या. अन् सिस्टर, हात धरजा माहा."

सिस्टरनी धरला.

"झालं?" तांबी बसल्यावर तिनं विचारलं.

"झालं."

तिनं बाळाला छातीशी घेतलं. "पोरगा गोड आहे, मॅडम. पण तवाच असं विचारलं असतं त आज माही बारावी झाली असती."

माझी किती कामं चुकली, किती सुधारली. परत हवी आहे ती रेखा पहिल्यांदा आली होती, एवढी एकच सकाळ.

यंदा तिनं फॉर्म भरलाय. आमच्याकडं आता प्रत्येकीला आधी विचारतो. काही सुई घेतात, काहींना गोळी पुरते, काही म्हणतात, काही नको. पूर्वी आम्ही म्हणायचो, बाया मागतच नाहीत. जे आहे हेच ठाऊक नाही, ते मागणार कोण?